‘९९ टक्के अपघात’ : तुलूझचा स्फोट, त्याची कारणं आणि त्या कारणांचे वाली

शुक्रवार, २१ सप्टेंबर २००१. सकाळचे १० वाजून १७ मिनिटं. फ्रान्सच्या नैर्ऋत्येला गारोन नदीच्या काठी वसलेल्या तुलूझ शहरात एझेडएफ नावाच्या खत कारखान्यातलं २२१ क्रमांकाचं गोदाम फुटलं. त्यात सुमारे ३०० टन अमोनियम नायट्रेट पडून होतं. गोदामाच्या जागी उरला तो एक लंबगोल खड्डा. साधारण ६५ मीटर लांब, ५४ मीटर रुंद आणि सात मीटर खोल. भूकंपमापकांवर ३.४ तीव्रतेची नोंद झाली. ३१ माणसं गेली, त्यांतली बहुतेक कारखान्याच्या आवारात काम करणारी होती. जखमींचा आकडा अडीच हजारांच्या वर गेला. शहराच्या निम्म्या भागात खिडकीला काच म्हणून उरली नाही.

याचं कायदेशीर कारण अखेर पक्कं झालं १७ डिसेंबर २०१९ रोजी, फ्रान्सच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने शेवटची याचिका फेटाळली तेव्हा. मधे अठरा वर्षं गेली. मोठ्या औद्योगिक स्फोटानंतर लोक कारणांबद्दल तर्क का आणि कसे करतात हे समजून घ्यायचं असेल, तर माझ्या माहितीत याहून चांगलं प्रकरण नाही. इथे नुसत्या अफवा नव्हत्या. इथे प्रत्येक तर्काला कुणीतरी वाली होता, आणि त्या वालीला तो तर्क खरा ठरण्याची गरज होती.

दहा दिवसांचं अंतर

न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळून दहाच दिवस झाले होते. फ्रान्सभर दहशतवादविरोधी बंदोबस्त कडक केलेला होता. अशा हवेत एखादा फटाका फुटला तरी लोकांच्या मनात बॉम्बच आला असता; इथे तर अख्खं शहर हादरलं होतं.

पहिल्या तासाभरात तुलूझमध्ये स्फोटाच्या अनेक जागा तयार झाल्या. शहराच्या चौकात बॉम्ब फुटला, विमानतळावर फुटला, मेट्रोत फुटला, शेजारच्या इमारतीत फुटला. याला लोकांचा भित्रेपणा म्हणून उडवून लावणं सोपं आहे, पण ते बरोबर नाही. दाबाची लाट इतकी प्रचंड होती, की चार-पाच किलोमीटरवरच्या माणसाच्याही अंगावर त्याच्याच खोलीची काच येऊन पडली. डोळ्यांसमोर छत खाली आलेलं असताना ‘हे पाच किलोमीटरवर झालंय’ असं कुणाच्या मनात येईल? प्रत्येकाने आपापल्या जागेवरून अगदी तर्कशुद्ध निष्कर्ष काढला होता. हे सगळे निष्कर्ष एकत्र आले तेव्हा शहरावर एकाच वेळी दहा ठिकाणी हल्ला झाल्याचं चित्र उभं राहिलं.

त्यात फोन बंद पडले. नारिंगी ढग शहरावर सरकू लागला. कारखान्याच्या शेजारी, नदीच्या फाट्यापलीकडे, सरकारी मालकीची स्फोटकं आणि रसायनं बनवणारी एसएनपीई ही कंपनी होती. एरियान रॉकेटच्या इंधनाला लागणारं रसायन तिथे बनत असे, आणि फॉस्जीनही. फॉस्जीन म्हणजे पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांवर सोडला गेलेला वायू. (भोपाळच्या कारखान्यात मिथाइल आयसोसायनेट बनवायला हाच वायू लागत असे, हे आपल्याकडच्या वाचकाला सांगायला हवं.) प्रशासनाने रेडिओवरून सूचना दिली: घरात थांबा, दारं-खिडक्या बंद ठेवा. ज्यांच्या खिडक्या रस्त्यावर पडल्या होत्या त्यांनी ही सूचना ऐकली. शहाण्या माणसाने मग काय करायचं? हजारो लोकांनी गाड्या काढल्या आणि शहराबाहेरचा रस्ता धरला. त्याच रस्त्यांवर रुग्णवाहिका अडकल्या.

फॉस्जीनच्या टाक्या सुदैवाने फुटल्या नाहीत. पण ‘अधिकारी सांगतात ते आपल्या समोर दिसतं त्याच्याशी जुळत नाही’ हा अनुभव शहराने पहिल्या दिवशीच घेतला, आणि पुढच्या अठरा वर्षांच्या वादाची पायाभरणी तिथेच झाली असं माझं मत आहे.

तिसऱ्या दिवसाची टक्केवारी

सोमवारी, २४ सप्टेंबरला, तुलूझचे सरकारी अभियोक्ता मिशेल ब्रेआर यांनी जाहीर केलं की हा अपघात असल्याची शक्यता ९९ टक्के आहे.

तेव्हा ढिगारा उपसून झालेला नव्हता. खड्ड्यातल्या मातीचे नमुने तपासून झालेले नव्हते. गोदामात आदल्या दिवसांत कुणी काय आणून टाकलं, याचे जबाब पुरे झालेले नव्हते. आधी कळस, मग पाया असा प्रकार. हेतू समजण्यासारखा आहे. शहर घाबरलेलं होतं, उत्तर आफ्रिकी वंशाच्या लोकसंख्येकडे बोटं दाखवली जायला वेळ लागला नसता, आणि एका शांत करणाऱ्या वाक्याची गरज होती. पण आकडा ही फार धोक्याची चीज आहे. ‘तपास चालू आहे, सध्या अपघाताची दिशा जास्त संभाव्य वाटते’ असं ते म्हणाले असते, तर कुणाच्या लक्षातही राहिलं नसतं. ९९ म्हटल्यावर लोकांनी उरलेल्या एका टक्क्याचा शोध सुरू केला. शिवाय, ज्याने तीन दिवसांत ९९ गाठले त्याने बाकीच्या दिशांनी शोधलंच नसणार, हा संशय कायमचा चिकटला. कारखान्याच्या मालक कंपनीचा बचाव करणाऱ्या वकिलांनी तो पुढे प्रत्येक न्यायालयात वाजवला.

गोंधळात भर घालायला सरकारच पुढे आलं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पर्यावरणमंत्री इव्ह कोशे म्हणाले की हा दहशतवादी हल्ला असू शकतो, ती शक्यता नाकारता येत नाही. एकाच राज्याचे दोन जबाबदार लोक. एक म्हणतो जवळजवळ नक्की अपघात, दुसरा म्हणतो घातपातही असेल. सामान्य माणसाने यातून काय घ्यायचं? त्याला जे आधीच वाटत होतं ते त्याने घेतलं.

मृतांपैकी एक

या प्रकरणातला सगळ्यात वाईट भाग इथे येतो.

मृतांमध्ये एक तरुण हंगामी कामगार होता. कुटुंब मूळचं ट्युनिशियाचं. त्याला त्या कामावर लागून फार दिवस झालेले नव्हते. मृतदेहाच्या तपासणीत त्याच्या अंगावर एकावर एक असे अनेक कपडे आढळले. स्फोटाच्या आधी, ट्रकवर अमेरिकेचा झेंडा लावलेल्या चालकाशी त्याची बाचाबाची झाल्याचं कुणीतरी सांगितलं. पोलिसांना त्याच्या घराची झडती लवकर घ्यायची होती. ती झाली उशिरा, आणि तोवर त्याच्या वस्तू तिथून हलवलेल्या होत्या. एवढं मिळाल्यावर काही पत्रकारांनी आणि पुढे काही पुस्तकांनी त्यातून आत्मघाती हल्लेखोर घडवला. त्याचं नाव छापलं गेलं, वर्षानुवर्षं छापलं गेलं. मी ते इथे देत नाही.

एकेक धागा सुटा पाहिला तर काय उरतं? जादा कपडे घालण्याचं कारण जवळच्यांनी दिलं ते अगदी साधं होतं: तो किरकोळ अंगाचा होता आणि त्याची त्याला लाज वाटे. झेंड्यावरून भांडण हे सप्टेंबर २००१ मध्ये कुठल्याही कारखान्यात होण्यासारखं होतं. उशिरा झालेली झडती हा तपासयंत्रणेचा ढिसाळपणा होता. त्यात मृताचा काय दोष? स्फोटक नाही, स्फोट घडवायचं साधन नाही, कुठल्या गटाशी संबंध नाही. न्यायालयांनी हा तर्क फेटाळला. पण मेलेल्या माणसाला स्वतःची बाजू मांडता येत नाही, आणि त्याच्या घरच्यांना दुःखासोबत हा संशयही वागवावा लागला.

अफवेची एक खोड इथे स्पष्ट दिसते. तिला पुराव्याची साखळी लागत नाही. जमाखर्चाला न जुळणाऱ्या तीन-चार विचित्र गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की साखळी वाचक स्वतःच ओवतो.

दोन आवाज

तुलूझमध्ये हजारो लोकांनी एक नाही, दोन स्फोट ऐकल्याचं सांगितलं. हे लोक खोटं बोलत नव्हते. त्या क्षणी शहरात काही ठिकाणी ध्वनिमुद्रण चालू होतं आणि त्या फितींवरही काही सेकंदांच्या अंतराने दोन हादरे नोंदले गेले होते.

स्पष्टीकरण शाळेच्या भौतिकशास्त्रातलं आहे. स्फोटाची लाट दोन वाटांनी पसरते: एक जमिनीतून, दुसरी हवेतून. जमिनीतली लाट सेकंदाला काही किलोमीटर धावते. हवेतला आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे स्फोटापासून पाच किलोमीटरवर असलेल्या माणसाला जमिनीचा हादरा एक-दोन सेकंदांत पोहोचतो. इमारत गडगडते, तावदानं वाजतात, तो उठून उभा राहतो, ‘काय झालं?’ म्हणतो. साधारण पंधरा सेकंदांनी हवेतली लाट येते आणि खिडकी फोडते. दोन वेगळ्या घटना घडल्याची त्याची खात्री पटते. अंतर जितकं जास्त, तितकी दोन आवाजांमधली फट मोठी. वेगवेगळ्या ठिकाणच्या नोंदी या हिशेबात बसल्या, आणि भूकंपमापकांवर २२१ क्रमांकाच्या जागेशी जुळणारी एकच मोठी घटना मिळाली.

हे मान्य केलं तरी एक टोक मोकळं राहतं. कारखान्याच्या अगदी जवळ, काही जण तर आवारातच असलेल्यांनीही दोन आवाज सांगितले. तिथे जमीन आणि हवा यांच्यातला फरक इतका कमी असतो की हा हिशेब तोकडा पडतो. बचाव पक्षाने नेमका हाच धागा पकडला: आधी कुठेतरी दुसरा स्फोट झाला असेल, कदाचित जमिनीखाली, कदाचित शेजारच्या एसएनपीईच्या बाजूला, आणि त्याने २२१ पेटवलं असेल. स्फोटाआधी काही सेकंद विजेचे झटके बसल्याचे, ठिणग्या किंवा प्रकाश दिसल्याचे जबाबही होते. त्यातून विद्युत ठिणगीचा सिद्धान्त आला. त्याच्या मागोमाग जमिनीत साठलेला वायू, महायुद्धातला गाडला गेलेला बॉम्ब, एसएनपीईतला गुप्त लष्करी प्रयोग, आणि स्फोटानंतरच्या चित्रीकरणात दिसलेलं एक हेलिकॉप्टर. लष्करासाठी काम करणारी शेजारची कंपनी गुपितं पाळत असे हे खरंच होतं. त्यामुळे तिच्याबद्दल काहीही बोललं तरी ते खोडून काढणं अवघड जाई. गुप्ततेचा हा तोटा कुणी हिशेबात धरत नाही.

मला यातला विजेचा तर्क बाकीच्यांपेक्षा वेगळा ठेवावासा वाटतो. तो खोडता येण्याजोगा होता, म्हणजेच प्रामाणिक होता. तज्ज्ञांनी विजेच्या जाळ्याच्या नोंदी, घड्याळांच्या वेळा आणि बिघाडांचा क्रम तपासून तो नाकारला. हेलिकॉप्टरबद्दल मात्र काहीही सिद्ध केलं तरी ‘मग ते तिथे का होतं?’ हा प्रश्न उरतोच.

रिजेक्ट माल, ओली जमीन आणि एक खेप

आता तपासाने मांडलेलं कारण. ते इतकं कंटाळवाणं आहे की त्यावर कुणी थरारकथा लिहिणार नाही.

एझेडएफमध्ये दोन प्रकारचं अमोनियम नायट्रेट बनत असे: शेतीच्या खतासाठीचं आणि उद्योगांत, मुख्यतः खाणकामाच्या स्फोटकांत लागणारं. दोन्हींतला जो माल प्रतीला उतरत नसे, म्हणजे भुकटी, चुरा, चुकीच्या आकाराचे दाणे, सफाईत गोळा झालेला कचरा, तो सगळा २२१ मध्ये ढीग करून ठेवला जाई. तो नंतर दुसऱ्या कारखान्यांत मिश्रखतासाठी जात असे. चांगल्या मालाच्या साठ्याकडे जेवढं लक्ष होतं तेवढं या गोदामाकडे नव्हतं. जमीन खराब झालेली आणि दमट. कामकाज वेगवेगळ्या कंत्राटदारांच्या माणसांच्या हातात. सुरक्षेच्या अभ्यासात अपघाताची जी मोठी चित्रं रंगवली होती ती अमोनिया आणि क्लोरीनच्या गळतीची होती. रिजेक्ट मालाच्या शेडची नव्हती.

त्याच आवारात दुसऱ्या टोकाला क्लोरीनयुक्त रसायनं बनत. त्यांतलं एक सोडियम डायक्लोरोआयसोसायन्युरेट, पोहण्याच्या तलावाचं पाणी शुद्ध करायला वापरतात ते. नियम असा की क्लोरीनचं खातं आणि नायट्रेटचं खातं यांनी एकमेकांच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. कारण हे दोन पदार्थ ओलाव्याच्या साक्षीने एकत्र आले तर नायट्रोजन ट्रायक्लोराइड तयार होतं, आणि ते इतकं अस्थिर असतं की स्वतःहून फुटतं. कोरडे असताना काही होत नाही. दमट जमिनीवर ओतले तर होतं.

कागदावरची ही भिंत एका साध्या कामाने पोखरली गेली. रिकाम्या प्लास्टिक गोण्या गोळा करायचं कंत्राट दिलेलं होतं, आणि गोण्या कारखान्याच्या वेगवेगळ्या भागांतून एकाच शेडमध्ये येत. तिथे त्या झटकल्या जात. झटकून पडलेला माल फावड्याने एका डब्यात भरला गेला. २१ सप्टेंबरच्या सकाळी तो डबा २२१ मध्ये नेऊन रिकामा केला गेला. तपासानुसार त्या खेपेत सुमारे ५०० किलो माल होता आणि ती ओतली गेल्यावर साधारण वीस मिनिटांनी स्फोट झाला. गोण्यांच्या शेडमध्ये नंतर क्लोरीनच्या त्या रसायनाची गोणी सापडली. डबा नेणाऱ्या कामगाराचं म्हणणं असं, की त्यात नायट्रेटच होतं.

तज्ज्ञांनी प्रयोगशाळेत दोन्ही पदार्थांचे थर एकमेकांवर रचून, ओलावा देऊन, स्फोट घडवून दाखवला. बचाव पक्ष म्हणाला: तुम्ही जमवून आणलेली मांडणी गोदामात होती कशावरून? आणि क्लोरीनचा वास इतका तिखट असतो की डबा ओतणाऱ्याच्या नाकाला तो झोंबलाच असता. त्याला तो का आला नाही? दुसरा प्रश्न वजनदार आहे. तो ऐकून गप्प बसणारे लोक मला जास्त विश्वासार्ह वाटतात, ‘त्यात काय’ म्हणणाऱ्यांपेक्षा.

तीन निकाल, एक खड्डा

पहिला खटला २००९ मध्ये तुलूझमध्येच चालला, फेब्रुवारीच्या अखेरीपासून जूनच्या अखेरीपर्यंत. इतिहासासाठी म्हणून त्याचं चित्रीकरण झालं. आरोपी दोन: कारखान्याचे संचालक सर्ज बिश्लँ आणि मालक कंपनी ग्रांद पारवास, जी टोटल या तेल समूहाची उपकंपनी होती. १९ नोव्हेंबर २००९ रोजी दोघांची सुटका झाली. न्यायालयाने कारखान्याच्या व्यवस्थापनातल्या चुका मान्य केल्या, दहशतवादाचा तर्क उचलून धरला नाही, पण ती विशिष्ट खेप आणि स्फोट यांच्यातला दुवा संशयापलीकडे सिद्ध झाला नाही असं म्हटलं. फौजदारी कायद्यात एवढं पुरेसं असतं.

शहरात मात्र या निकालाचा अर्थ ‘कारण सापडलं नाही’ असा घेतला गेला, आणि तिथून पुढे ‘कारण लपवलं’ इथपर्यंतची पायरी फार उंच नव्हती. ‘सिद्ध झालं नाही’ आणि ‘घडलं नाही’ यांतला फरक न्यायाधीशाला रोजचा असतो. आठ वर्षं वाट पाहिलेल्या आईला तो कसा पटावा?

२४ सप्टेंबर २०१२ ला अपील न्यायालयाने उलट निकाल दिला. संचालकांना तीन वर्षांची शिक्षा, त्यातली दोन स्थगित. कंपनीला २ लाख २५ हजार युरो दंड. जानेवारी २०१५ मध्ये तोही रद्द झाला. कारण तांत्रिक, पण लागट: खंडपीठातल्या एका न्यायाधीशांचं पीडितांना मदत करणाऱ्या संघटनेतलं पद त्यांच्या निःपक्षपातीपणावर शंका आणणारं होतं. तिसरा खटला पॅरिसमध्ये झाला. ३१ ऑक्टोबर २०१७ च्या निकालात दोघे पुन्हा दोषी ठरले. संचालकांना पंधरा महिन्यांची स्थगित कैद आणि १० हजार युरो दंड, कंपनीला पूर्वीइतकाच दंड. चुकून एकत्र आलेल्या दोन रसायनांचं कारण न्यायालयाने स्वीकारलं. तेच २०१९ मध्ये कायम झालं. टोटल ही मूळ कंपनी आणि तिचे तत्कालीन अध्यक्ष तिएरी देमारे फौजदारी जबाबदारीतून बाहेर राहिले.

दरम्यान नुकसानभरपाईपोटी सुमारे दोन अब्ज युरो दिले गेले. म्हणजे पैसे देण्यासाठी कंपनीने कारण सिद्ध होण्याची वाट पाहिली नाही. फक्त दोष मान्य करण्यासाठी पाहिली.

कुणाला कोणतं कारण हवं होतं

इथे मला सगळ्यात जास्त थांबावंसं वाटतं.

कंपनीला बाहेरचं कारण हवं होतं, हे उघड आहे. घातपात असो, शेजारची वीज असो, जमिनीतला वायू असो, काहीही चालेल; आपल्या गोदामातली ढिलाई नको. दोषी नसल्याचं सिद्ध करायची जबाबदारी कंपनीवर नव्हती. तिला फक्त शंका जिवंत ठेवायची होती, आणि शंका जितक्या जास्त तितकं बरं. एकमेकांना छेद देणारे पाच सिद्धान्त एकाच वेळी मांडणाऱ्याला त्यांतला एकही खरा वाटत असेल असं नाही. ही कारणमीमांसा नव्हे, हा बचाव आहे, आणि न्यायालयात तो रास्त आहे. रस्त्यावर तो ‘दडपलेलं सत्य’ बनून फिरतो तेव्हा घोटाळा होतो.

आश्चर्य आहे ते माजी कामगारांचं. त्यांच्यातल्या पुष्कळांनी, ‘मेम्वार ए सॉलिदारिते’ या संघटनेमार्फत, कंपनीचीच बाजू धरली. रासायनिक अपघाताचा सिद्धान्त त्यांनी कधीच स्वीकारला नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, मालकाने विकत घेतलं असेल. मला तसं वाटत नाही. त्यांचे सहकारी त्या आवारात मेले होते. शहर त्यांच्याकडे ‘तुमच्या कारखान्याने आमची पोरं मारली’ अशा नजरेने पाहत होतं. आणि तज्ज्ञ सांगत होते की फावडं, डबा आणि एक चुकीची गोणी यांनी हे केलं. पंचवीस-तीस वर्षं अमोनियम नायट्रेट हाताळलेल्या माणसाला हे ऐकताना ‘तुम्ही गचाळ काम करत होता’ एवढंच ऐकू येतं. आपल्या कामाचा अभिमान जपायचा तर कारण बाहेरच असावं लागतं.

दुसरीकडे पीडितांच्या काही संघटनांना अपघातच हवा होता, पण ‘टोटलचा’ अपघात. उपकंपनी आणि एका संचालकावर थांबणारा निकाल त्यांना अपुरा वाटला. सरकारला लवकर शांतता हवी होती. स्थानिक राजकारण्यांना शेजारच्या रसायनपट्ट्याचं भवितव्य ठरवायचं होतं. इतक्या गरजा एका खड्ड्याभोवती जमल्यावर त्यातली माती कोण शांतपणे तपासणार?

हाच नमुना आपण भारतात पाहिला आहे. भोपाळनंतर युनियन कार्बाइडने एका नाराज कामगाराने टाकीत पाणी सोडल्याचा सिद्धान्त मांडला आणि तो कित्येक वर्षं लावून धरला. तिथेही प्रश्नाची दिशा ‘सुरक्षेच्या यंत्रणा बंद का होत्या’ इथून ‘पाणी कुणी सोडलं’ इकडे वळवली गेली. मुंबईत १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज फुटलं तेव्हा युद्धकाळ होता, बातम्यांवर बंधनं होती, आणि जपान्यांनी बॉम्ब टाकल्याची कुजबुज शहरभर झाली. जहाजात कापसाच्या गाठी आणि स्फोटकं एकत्र भरलेली होती. आग कापसाला लागली होती. तिथेही शत्रूचं विमान हे कारण ऐकायला सोपं होतं. स्फोटकांशेजारी कापूस कुणी भरू दिला, हा प्रश्न अवघड होता.

तुलूझच्या बाबतीत एक योगायोग अफवाबाजांच्या हाती पुरेसा लागला नाही याचं मला नवल वाटतं. एझेडएफच्या जागी मूळचा कारखाना १९२४ च्या कायद्याने उभा राहिला तो पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीच्या बीएएसएफ या रसायन कंपनीकडून मिळवलेल्या अमोनियाच्या तंत्रावर. ते तंत्र बीएएसएफने ज्या ओपाऊच्या कारखान्यात मोठ्या प्रमाणावर वापरात आणलं, तिथे अमोनियम सल्फेट आणि नायट्रेटच्या मिश्रणाचा ढीग फुटून पाचशेहून जास्त माणसं मेली होती. तारीख होती २१ सप्टेंबर १९२१. बरोबर ऐंशी वर्षं आधी, त्याच दिवशी. तारखेत काही अर्थ नाही. पण ढीग करून ठेवलेलं नायट्रेट ‘तसं निरुपद्रवीच असतं’ या समजुतीचं वय मात्र त्यावरून कळतं.

कारणाची वाट न पाहता

न्यायालयं कारण शोधत असताना बाकीचे निर्णय थांबले नाहीत. एझेडएफ पुन्हा सुरू होणार नाही हे २००२ च्या वसंतातच ठरलं. त्याच वर्षी सरकारने तुलूझमधलं फॉस्जीनचं उत्पादन बंद करायला लावलं, जरी त्या वायूचा स्फोटाशी काही संबंध नव्हता आणि त्याच्या टाक्या शाबूत राहिल्या होत्या. ३० जुलै २००३ च्या कायद्याने धोकादायक कारखान्यांभोवतीच्या वस्तीसाठी स्वतंत्र आराखडे बंधनकारक केले. काही ठिकाणी घरं सरकारने विकत घ्यायची, काही ठिकाणी नव्या बांधकामावर बंदी. युरोपीय संघाने त्याच वर्षी धोकादायक साठ्यांच्या आपल्या नियमांत प्रतीला न उतरलेल्या अमोनियम नायट्रेटचा वेगळा वर्ग घातला आणि त्यासाठी साठ्याची मर्यादा बरीच खाली आणली. एझेडएफची जागा साफ करून तिथे आता कर्करोगावरील उपचार आणि संशोधनाचं मोठं संकुल उभं आहे.

यातल्या एकाही निर्णयाला, स्फोट वीस मिनिटांपूर्वीच्या खेपेने झाला की आणखी कशाने, हे माहीत असण्याची गरज नव्हती. ३०० टन रिजेक्ट माल दमट शेडमध्ये, महामार्ग, शाळा आणि मनोरुग्णालयाच्या शेजारी ठेवलेला होता, ही गोष्ट २१ सप्टेंबरच्या दुपारीच सगळ्यांना माहीत होती आणि ती कुणी नाकारलीही नाही. माजी कामगारांची संघटना न्यायालयाचं कारण अजूनही मान्य करत नाही. अनेक वर्षं त्या तारखेला पीडितांच्या संघटना आणि कारखान्याचे लोक आपापले कार्यक्रम वेगवेगळे घेत आले आहेत.